सरकत्या दाराची गाडी: घरची व्हॅन वडाप कशी झाली

“जोरात ओढ रे, पण आपटू नको.”

आमच्या घरातल्या प्रत्येक पोराने काकांचं हे वाक्य शेकडो वेळा ऐकलंय. सरकत्या दाराची मेख तिथेच असते. हळू ओढलं तर दार अर्धवट लागतं आणि पुढच्या वळणावर आपोआप उघडतं. जोरात ओढलं तर गाडीचा मालक ओरडतो. काकांची व्हॅन पांढरी होती. मे महिन्यात आणि गणपतीला ती डोंबिवलीहून गुहागरजवळच्या आमच्या वाडीत यायची. दगडी गडग्यापलीकडून ‘खर्रर्र, धप्’ ऐकू आलं की आजी आधणात आणखी दोन तांबे पाणी ओतायची, कारण आतून किती माणसं उतरतील याचा काही नेम नसे. एकदा मी मोजली होती: मोठी सात, पोरं पाच, आणि काकूच्या मांडीवर दुरुस्त करून आणलेलं शिलाई मशीन.

त्या गाडीचा तेव्हा थाट होता. वाडीतली पोरं तिच्या आरशात भांग पाडून घ्यायची. आज तसलीच गाडी त्या रस्त्याने गेली तर कोणी मान वर करून बघत नाही. फार तर विचारतात, “वडाप का? चिपळूणला जाणार?” वडाप म्हणजे माणशी भाडं घेऊन फिरणारी गाडी.

गाडी तीच आणि दारही तेच, मग मधल्या तीस-पस्तीस वर्षांत झालं काय? उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे. त्यात जपानचा एक नियम येतो, अमेरिकेतल्या आया येतात, कोकण रेल्वे येते, मोटार वाहन कायद्यातल्या दोन व्याख्या येतात आणि शाळेत कंटाळवाणं वाटलेलं थोडं भौतिकशास्त्रही येतं. एकेक करून बघू.

नाक नसलेली गाडी

मारुतीची पहिली गाडी, म्हणजे 800, डिसेंबर 1983 मध्ये आली. तिच्यामागोमाग 1984 च्या अखेरीला मारुती व्हॅन आली. 1988 मध्ये तिचं नाव ओमनी झालं, पण कोकणात कित्येक जण शेवटपर्यंत तिला नुसतं ‘मारुती व्हॅन’च म्हणत राहिले. मुळात ती सुझुकीची ‘कॅरी’ नावाची गाडी. या कॅरीचं घराणं जपानच्या ‘केई’ वर्गातलं. केई म्हणजे हलकी. जपान सरकारने ठरवून दिलं होतं की गाडी अमुक मापाच्या आत बसत असेल तर तिला करात आणि विम्यात सवलत मिळेल. 1976 च्या नियमाप्रमाणे ते माप होतं लांबी 3.2 मीटर, रुंदी 1.4 मीटर आणि इंजिन 550 सीसी.

आता एवढ्याशा लांबीत सामान आणि माणसं जास्तीत जास्त कशी बसवायची? पुढे बोनेट काढलं तर तिथेच पाऊण-एक मीटर जातो. म्हणून जपानी लोकांनी गाडीचं नाकच कापलं. इंजिन पुढच्या सीटखाली ढकललं, ड्रायव्हरला थेट पुढच्या चाकावर बसवलं आणि उरलेली सगळी लांबी माणसांना दिली. आपल्याकडे आली तिचं इंजिन मोठं होतं, 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. अंगाने मात्र ती तशीच अरुंद राहिली. ओमनीची रुंदी 1.41 मीटर होती. लांबी सुमारे 3.37 मीटर, आणि तेवढ्यात आठ जणांची बैठक.

जपानी सरकारने आपल्या सोयीसाठी आखलेलं हे माप आमच्या वाड्यांना इतकं चपखल बसलं की कोणी कोकणात येऊन मोजून गेलं असावं असं वाटतं. इथल्या वाडीत शिरणारी वाट म्हणजे दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे आणि मध्ये बैलगाडीपुरती जागा. तिथे ॲम्बेसेडर शिरली तरी उतरायचं कसं? दार बाहेर उघडलं की गडग्याला टेकणार. सरकतं दार मात्र गाडीच्या अंगालगत मागे जातं, त्यामुळे वीतभर जागेतही माणूस उतरतो. पुन्हा ते उघडतंही ऐसपैस. गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणताना पाटासकट आत घेता यायची. पाट वाकडा करावा लागत नसे, म्हणून आजीचा या गाडीवर विशेष लोभ.

या दाराला एक मोठी खोड होती. ते खालच्या रुळावर छोट्या चाकांनी सरकतं, आणि कोकणात त्या रुळात काय जाणार नाही? तांबडी माती, पुळणीची वाळू, आंब्याची सुकलेली पानं, शेंगदाण्याची टरफलं. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा पोरांना एकेक हीर दिला जायचा. हीर म्हणजे नारळाच्या पातीतली काडी, ज्याचे खराटे करतात. उकिडवं बसून रुळातली घाण त्या हिराने पुढे ढकलत न्यायची आणि टोकाला बोटाने काढायची. मग काका ग्रीसचं बोट फिरवायचे. एकदा त्या रुळात मला माझाच दुधाचा दात सापडला होता. आदल्या गणपतीला हरवलेला.

चढ, वाळू आणि ओकारी

या गाडीचं इंजिन पुढे, पण जोर मागच्या चाकांना. मधून एक लांब दांडा जातो. घाटात याचा फायदा होतो. गाडी चढाला लागली की वजनाचा झोक मागे जातो, मागची चाकं रस्त्याला घट्ट धरतात आणि नेमक्या त्याच चाकांना इंजिनाचा जोर मिळतो. भरलेली व्हॅन म्हणूनच कशेडी घाटात कुरकुरत का होईना, पण नेटाने चढायची. गाडी रिकामी असली की उलटं होतं. मागे वजन नाही, चाकं हलकी, आणि पावसात आमच्या वाडीच्या चढावरच्या शेवाळात ती जागच्या जागी गरागरा फिरायची. यावर काकांचा उपाय सोपा होता: “पोरांना मागे बसवा.” आम्ही चार-पाच जण मागच्या कोपऱ्यात दाटीवाटीने बसलो की गाडी चढायची. आम्हाला वाटायचं, काका लाड करतात. खरं तर आम्ही त्यांची रेतीची पोती होतो.

वाळूत मात्र हे शहाणपण चालत नाही. एका मे महिन्यात काकांनी हौसेने गाडी गुहागरच्या पुळणीवर नेली. ओल्या, घट्ट वाळूवर छान गेली. वळवताना मात्र सुक्या वाळूत शिरली आणि बसली. छोटी, अरुंद चाकं सुक्या वाळूत फिरली की ती वाळू मागे फेकतात आणि आपल्यासाठीच खड्डा खणतात. काकांनी जितका ॲक्सिलरेटर दाबला तितकी गाडी खाली गेली. अशा वेळी खरं तर चाकांतली हवा कमी करायची असते. टायर पसरतो, वजन जास्त जागेवर विभागतं आणि चाक रुतायचं थांबतं. हे आम्हाला जाळं विणत बसलेल्या एका दादांनी सांगितलं. मग चाकांपुढे झावळ्या टाकल्या, दोर बांधला आणि आठ माणसांनी ओढून गाडी काढली. तोवर भरतीचं पाणी मागच्या चाकापर्यंत आलं होतं. चूक सर्वस्वी आमची. त्या दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवायचा आळस केला, तीही आमचीच. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, त्यामुळे पत्रा सुकतच नाही, आणि मिठातलं क्लोराइड लोखंडावरचा संरक्षक थर फोडून आत शिरतं. दोन पावसाळ्यांत दाराखालचा पत्रा कुरडईसारखा झाला.

तिसरी गोष्ट म्हणजे गाडी लागणं. व्हॅनच्या आठवणी काढणारे लोक गाणी, गप्पा, पत्ते एवढंच सांगतात. पोलादपूर ओलांडल्यावर बाहेर निघालेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांबद्दल कोणी बोलत नाही. आपल्या कानाच्या आत पातळ द्रवाने भरलेल्या तीन नळ्या असतात. डोकं कुठे वळतंय ते त्या मेंदूला कळवतात. डोळेही आपापली बातमी देत असतात. घाटात कान सांगतो, ‘डावीकडे वळलो, आता उजवीकडे’, आणि डोळ्यांना समोर दिसत असते आत्याची स्थिर साडी. दोन साक्षीदारांची साक्ष जुळली नाही की मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळतं. आठ जणांच्या व्हॅनमध्ये मधली सीट उलटी, मागे तोंड करून असायची. तिथे बसणाऱ्याला पुढचं वळण दिसतच नाही, म्हणून पहिला बळी त्याचा. ड्रायव्हरला मात्र गाडी लागत नाही, कारण वळण येण्याआधीच त्याच्या मेंदूला ते माहीत असतं. आवळासुपारी आणि आलेपाक यांना मी दोष देत नाही, पण खरा उपाय पुढच्या काचेतून लांबवर बघणं हाच. पुढच्या सीटवरून भांडणं व्हायची ती यासाठी. त्या सीटखाली इंजिन होतं आणि मे महिन्यात बूड भाजून निघायचं, तरीही.

त्याच वर्षी, दुसरीकडे

गंमत म्हणजे घरच्या व्हॅनची गोष्ट जगात बऱ्याच ठिकाणी एकाच सुमाराला सुरू झाली. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने डॉज कॅराव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर या दोन ‘मिनीव्हॅन’ नोव्हेंबर 1983 मध्ये बनवायला घेतल्या. फ्रान्समध्ये रेनोची एस्पास 1984 मध्ये आली. आपली मारुती व्हॅनही 1984 चीच. म्हणजे जेमतेम वर्षभरात तीन देशांना वाटलं की अख्खं कुटुंब एका डब्यात बसवावं.

अमेरिकेतली मिनीव्हॅन आपल्यासारखी बिननाकाची नव्हती. तिला बोनेट होतं, इंजिन पुढे आणि जोर पुढच्या चाकांना, त्यामुळे मधून दांडा जात नाही आणि तळ खाली, सपाट ठेवता येतो. मूल कडेवर घेऊन सहज चढता येतं. सरकतं दार सुरुवातीला एकाच बाजूला होतं. दुसऱ्या बाजूलाही ते मिळायला 1996 चं मॉडेल उजाडलं. ही गाडी तिकडे प्रचंड खपली आणि डबघाईला आलेल्या क्रायस्लरला तिने हात दिला. मग एक पिढी तिच्या मागच्या सीटवर वाढली. ती पिढी स्वतः गाडी घ्यायच्या वयाची झाली तेव्हा तिने मिनीव्हॅनकडे पाठ फिरवली. पोरांना फुटबॉलच्या मैदानावर ने-आण करणाऱ्या आईची गाडी, असा तिच्यावर शिक्का बसला होता. तिशीतल्या माणसाला आपण आईबाप झालोय हे गाडीने सगळ्यांना ओरडून सांगितलेलं नको होतं. त्याला हवी होती उंच, डोंगर चढेल अशी दिसणारी एसयूव्ही. डोंगर चढायचा नसला तरी.

जर्मनीत याच्या उलटं झालेलं. फोक्सवॅगनची बस म्हणजे 1947 मध्ये बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्याने वहीत काढलेलं एक साधं रेखाटन. 1950 पासून ती बनू लागली, ती मालाची ने-आण करणाऱ्या कामकरी लोकांसाठी. पुढे अमेरिकेतल्या हिप्पींनी ती रंगवली आणि ती स्वातंत्र्याची खूण झाली. आज जुनी मिळाली तर लोक दागिन्यासारखी जपतात. म्हणजे तिथे कामाची गाडी हौसेची झाली. आमच्याकडे हौसेची गाडी कामाला लागली.

आणि मराठी माणसाला व्हॅन म्हणजे काय हे मारुतीच्या आधीपासून ठाऊक होतंच. पुण्यात बजाज टेम्पो कंपनी जर्मनीतल्या ‘टेम्पो’ कंपनीच्या परवान्यावर तीनचाकी बनवत होती. तिने 1969 मध्ये मॅटाडोर आणली. त्या जर्मन कंपनीचं नाव आपल्या भाषेत इतकं मुरलं की आज कुठल्याही कंपनीची मालवाहू गाडी आली तरी आपण ‘टेम्पो आला’ म्हणतो. 2005 मध्ये कंपनीने स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. आपण कुठले बदलतोय?

सीटवर भाडं

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. व्हॅनचा मान कोकणात का उतरला? माझं म्हणणं असं: गाडी भाड्याने जाऊ लागली म्हणून मान जात नाही, ती *सीटवर* जाऊ लागली की जातो.

मोटार वाहन कायदा, 1988 हा फरक स्पष्ट करतो. एक असते कंत्राटी वाहतूक: अख्खी गाडी एका पार्टीने ठरवायची, वाटेत अनोळखी माणूस घ्यायचा नाही. दुसरी टप्पा वाहतूक: माणूस चढेल, त्याच्यापुरतं भाडं देईल, हवं तिथे उतरेल. हा दुसरा मामला म्हणजे एसटीचं काम. एसटी वेळेवर आली नाही, किंवा संध्याकाळची शेवटची चुकली, की तिच्या जागी जी गाडी उभी राहते तिला आमच्याकडे वडाप म्हणतात. रायगडात हेच काम मिनीडोर नावाच्या तीनचाकी करतात. बाकी ठिकाणी ट्रॅक्स, सिक्स सीटर, जे मिळेल ते. कागदोपत्री यातलं बरंच काही बसत नाही, पण बाजारहाट करून, टोपली डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या बाईला कलम सांगून काय उपयोग?

कोकणी माणूस कायदा न वाचता हा फरक पाळतो. इनोव्हा घ्या. ती भाड्याने जाते, तिला पिवळी पाटी असते, लग्नात वऱ्हाड घेऊन येते, आणि तरीही पुढाऱ्यांच्या दारात तीच उभी असते. कारण ती ‘स्पेशल’ जाते, अख्खी. टोयोटाची आधीची क्वालिस 2000 मध्ये आली होती. ती जोरात चालत असतानाच कंपनीने 2005 मध्ये बंद केली आणि त्याच वर्षी इनोव्हा आणली. सुमोचंही बघा. 1994 मध्ये आली, टेल्कोच्या, म्हणजे पुढच्या टाटा मोटर्सच्या, सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावातलं ‘सु’ आणि ‘मो’ घेऊन. ते मुळगावकर इंग्रजीत ‘ओ’ने लिहितात म्हणून ‘मो’. एवढ्या मानाच्या नावाची गाडी, पण दहा जणांची बैठक हाच तिचा घात. दहा बसतात म्हटल्यावर चौदा बसवले गेले, आणि सीटवर भाडं सुरू झालं.

व्हॅन या कामाला लागली त्याला कोकण रेल्वेने हातभार लावला असं मला वाटतं. 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्ग सुरू झाला. त्याआधी मुंबईहून चार पोरं, आजी आणि सामान घेऊन गावाला जायचं तर रात्रभराची एसटी किंवा स्वतःची गाडी. रेल्वे आल्यावर लांबचा पल्ला तिने घेतला. पण रेल्वे किनाऱ्यावरून जात नाही, आतून, डोंगराच्या बाजूने जाते. गुहागरच्या माणसाला चिपळूण स्टेशन, दापोलीच्या माणसाला खेड, मालवणच्या माणसाला कुडाळ किंवा कणकवली. चिपळूण ते गुहागर 45 किलोमीटरच्या आसपास. गाडी पहाटे साडेतीनला सोडते आणि पुढे काय? मग स्टेशनबाहेर व्हॅन उभ्या राहू लागल्या. मुंबई-गावाचं नातं जोडणारी गाडी स्टेशन-गावाच्या फेऱ्या मारू लागली. तिच्या पांढऱ्या अंगावर बागायतदाराचं नाव आलं, मागची सीट निघाली, आंब्याच्या पेट्या बसल्या. कुठे शाळेची व्हॅन झाली, कुठे रुग्णवाहिका. सकाळी कुत्र्या-मांजरांची फौज मागे घेऊन फिरणारी मासळीची व्हॅन तर मी अजून बघतो.

त्यात हिंदी सिनेमाने भर घातली. नव्वदीच्या दशकात पडद्यावर कोणाला पळवायचं असलं की गाडी ठरलेली: चालत्या व्हॅनचं दार सरकायचं, दोन हात बाहेर यायचे आणि माणूस आत. आजी ज्या दाराचं कौतुक करायची, नेमकं तेच दार गुंडांच्या कामाचं ठरलं.

नाक कशाला लागतं

मान उतरणं एक, आणि गाडी बंदच होणं दुसरं. ओमनी 2019 मध्ये बंद झाली, सुमोही त्याच वर्षी. इथे भौतिकशास्त्र येतं.

धडकेत माणूस मरतो तो वेगामुळे नाही, वेग किती कमी अंतरात संपला त्यामुळे. गाडी ताशी 56 किलोमीटरने आदळली असं धरा. पुढचं नाक चेपत चेपत 60 सेंटीमीटर आत गेलं, तर माणसाच्या अंगावर त्याच्या वजनाच्या साधारण वीसपट जोर येतो. पट्टा आणि एअरबॅग असेल तर माणूस एवढं सोसू शकतो. चेपायला फक्त 20 सेंटीमीटर मिळाले तर हाच जोर साठपटीच्या वर जातो. बोनेट असतं ते इंजिन झाकायला, अशी आपली समजूत. धडकेच्या वेळी ते आपल्यासाठी चेपून घेतं. बिननाकाच्या गाडीत चेपायला असतात ड्रायव्हरचे गुडघे.

वर सांगितलेला 56 चा आकडा मी हवेतून काढलेला नाही. भारतात समोरून धडक देऊन घ्यायची जी चाचणी सक्तीची झाली, तिचा वेग तोच आहे. नव्या मॉडेलना ती ऑक्टोबर 2017 पासून लागू झाली आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या गाड्यांना ऑक्टोबर 2019 पासून. पाठोपाठ 1 एप्रिल 2020 ला धुराचे बीएस 6 नियम आले. 1970 च्या दशकातल्या मापावर बेतलेल्या गाडीला या दोन्ही परीक्षा द्यायला लावणं म्हणजे तिचं नाव ठेवून बाकी सगळं नवीन करणं.

आणि रस्ताही बदलला. जुन्या दुपदरी मुंबई-गोवा रस्त्यावर, तेव्हाचा क्रमांक 17, आता 66, व्हॅनला चाळीस-पन्नासच्या वर जायची संधीच क्वचित मिळायची. पुढे एसटी, मागे ट्रक, वडखळला तासभर. चौपदरीकरण किती वर्षं रखडलं याची रड सगळ्यांना पाठ आहे, पण जिथे झालं तिथे गाड्या ऐंशी-नव्वदने जातात. वेग चाळीसचा ऐंशी झाला की धडकेची ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. त्या संथ रस्त्याने आम्हाला किती सांभाळून घेतलं, हे आता कळतं. काकांनी ब्रेक दाबला की आत्या शेजारच्या पोराच्या पोटावर हात आडवा धरायची. आमचा सीटबेल्ट तो. पंधरा किलोचं पोर वीसपट जोराने पुढे गेलं तर तीनशे किलोचं होतं. कुठल्या आत्याच्या हातात तेवढं बळ असतं?

बिननाकाची गेली तरी व्हॅन संपली नाही. 2010 मध्ये आलेल्या मारुतीच्या इकोला आखूडसं का होईना, नाक आहे, आणि ती आजही खपते. फक्त हौसेने घेणारे कमी. दुकान, डेअरी, शाळा, वडाप यांच्याच दारात ती दिसते.

चार मीटरचा हिशेब

घरच्या माणसांनी मग काय घेतलं? छोटी एसयूव्ही. यामागे कर आहे. 2006 च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना कमी कर आहे. 22 सप्टेंबर 2025 पासूनच्या जीएसटी दरांतही ती रेघ टिकली: आत बसणाऱ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना 18 टक्के, मोठ्यांना 40. त्यामुळे बाजारातल्या कितीतरी गाड्यांची लांबी 3.99 मीटर भरते. एक सेंटीमीटर राखून.

म्हणजे जपानसारखाच आपणही लांबीला कर लावला. जपान्यांनी त्यातून नाक कापलेली गाडी काढली. आपण त्यात नाक ठेवलं, वर उंच, रागीट चेहरा ठेवला, आणि माणसं कमी केली. 3.37 मीटरमध्ये आठ आणि 3.99 मीटरमध्ये पाच. सुरक्षिततेच्या हिशेबाने हे बरोबरच आहे, आणि तसंही आता घरात आठ जण असतात कुठे? आमच्याकडे गणपतीला चार गाड्या येतात. प्रत्येकीत तीन-चार माणसं, काचा बंद, एसी चालू, ज्याच्या त्याच्या कानात आपापलं. चारही गाड्या आमच्या गडग्यांमधून आत येत नाहीत. वर रस्त्यावर उभ्या करून सामान डोक्यावर घेऊन उतरावं लागतं.

काकांची व्हॅन भंगारात गेली, त्याला बरीच वर्षं झाली. जाण्याआधी आत्याने तिची मधली सीट काढून घेतली. ती आता पडवीत, भाताच्या कणगीशेजारी असते. रेक्झिन फाटलंय, स्पंज बाहेर आलाय, पण बसायला मऊ आहे. यंदा गणपतीत माझ्या भावाची पाच वर्षांची मुलगी तिच्यावर चढून बसली, आणि दोन्ही बाजूंना हात घालून काहीतरी चाचपू लागली.

“काय शोधतेस गो?” आत्याने विचारलं.

“पट्टा नाहीये याला.”

आत्या तिच्याशेजारी बसली आणि तिच्या पोटावरून हात आडवा धरला. “हा काय,” म्हणाली. “चल, सोड गाडी.”